हार्डवेअरवाल्या ताईंच्या डोक्यातलं कडं

बाजाराच्या वळणावर, चावीवाल्याच्या टपरीला लागून जे हार्डवेअरचं दुकान आहे, तिथल्या ताई बोलायला लागल्या की आपण काय घ्यायला आलो होतो हे गिऱ्हाईकच विसरायचं. ताई मात्र विसरायच्या नाहीत. माणूस पायरी चढता चढता हातानं नुसती खूण करायचा, "ते असतं ना, दाराच्या खालच्या अंगाला, असं सरकवायचं..." आणि ताईंचं सुरू व्हायचं, "कडी का खिट्टी? पितळी का लोखंडी? दार आत उघडतं का बाहेर? आणि मागच्या वेळी नेलेले स्क्रू आखूड पडले ना? तोंडावरच दिसतंय तुमच्या."

दुकान वडिलांचं. त्यांच्या मागे ते ताईंनी आणि त्यांच्या धाकट्या भावानं चालवलं. भाऊ शिडीवर चढायचा, माल उतरवायचा, खिळे तोलून द्यायचा. तोंड चालवायचं खातं ताईंकडे. पाने, पकडी, पटाशा, नळाच्या तोट्या, रबरी वॉशर, हातभर लांबीपासून नखाएवढ्यापर्यंतचे स्क्रू, यातल्या एकेका वस्तूला बाजारात तीन तीन नावं असतात. सुतार एक म्हणतो, प्लंबर दुसरं म्हणतो, आणि घरमालक 'ते गोल गोल' म्हणतो. ताईंना तिन्ही कळायची.

ताईंचे यजमान टेलर. घराच्या पुढच्या खोलीत त्यांची दोन मशीनं, एक शिलाईचं आणि एक काजं करायचं. तोंडात सदैव टाचण्या, त्यामुळे बोलायचा प्रश्नच मिटलेला. गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. "आमच्याकडे बोलायचं काम माझं, ऐकायचं यांचं," ताई सांगायच्या. "लग्नातच वाटणी झाली. त्यांना वाटतं त्यांच्या वाट्याला सोपं काम आलं." मास्तर यावर टाचण्यांच्या फटीतून हसायचे. एक मुलगी होती, ती लग्न होऊन दूरच्या शहरात नोकरी करत होती. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा, आणि तोही बहुतेक ताईच बोलायच्या.

राहता राहिला कान. ताईंचा डावा कान लहानपणापासून वाहायचा. आईनं कोमट तेल घालून पाहिलं, शेक देऊन पाहिला, नंतर थेंबांच्या बाटल्या आल्या आणि गेल्या. कान महिनाभर कोरडा राहायचा, की पुन्हा वाहू लागायचा. ताई त्यात कापसाचा बोळा घालून मोकळ्या व्हायच्या आणि गिऱ्हाइकाकडे उजवा कान करून बसायच्या. मध्ये एकदा कानाच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं की पडद्यामागे कातडीची गाठ वाढते आहे, ती आजूबाजूचं हाड कुरतडते आहे, ऑपरेशन करून ती काढायला हवी. ताई "बघू" म्हणाल्या. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. चाळीस-बेचाळीस वर्षं सोबत असलेली गोष्ट माणसाला शत्रू वाटत नाही.

पहिली चूक सगळ्यांनी हसण्यावारी नेली. एका सुतारानं बिजागऱ्या मागितल्या. ताईंचा हात नेमका त्या खोक्याकडे गेला, बिजागऱ्या समोर आल्या, आणि त्या कागदात गुंडाळता गुंडाळता ताई भावाला म्हणाल्या, "अरे, यांना त्या... दाराच्या गुडघ्यांना लागणारे स्क्रू पण दे."

सुतार खदखदून हसला. "दाराचे गुडघे! वा ताई, आजपासून मी पण हेच म्हणणार."

ताईही हसल्या. पण हसता हसता त्या आत शब्द चाचपत होत्या आणि शब्द जागेवर नव्हता. वस्तू डोळ्यांपुढे स्वच्छ होती, तिचं माप ठाऊक होतं, ती कुठून येते हे ठाऊक होतं. नाव जिथे असायचं तिथे मात्र, पडलेल्या दाताच्या जागी पुन्हा पुन्हा जीभ जावी आणि नुसती हिरडी लागावी, तसं होत होतं. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी बिजागरी हातात घेऊन उघडझाप करून पाहिली. नाव आलं ते तासाभरानं, चहा पिताना, अगदी भलत्याच वेळी.

मग डोकं दुखायला लागलं. ताईंनी ते रात्रीच्या जागरणावर ढकललं, मग उन्हावर, मग चष्म्याच्या नंबरावर. डोक्याला घट्ट रुमाल बांधून त्या दुकानात बसत. त्याच आठवड्यात शब्दांची अदलाबदल सुरू झाली. "यांना अर्धा किलो जिने दे," त्यांनी भावाला सांगितलं. भाऊ हसला, त्यानं खिळे तोलले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नळाच्या तोटीला 'मावशी' म्हटलं. भाऊ पुन्हा हसला. तिसऱ्या वेळी मात्र तो शिडीवरच थांबला आणि वरून बहिणीकडे बघत राहिला, कारण आपण काही चुकीचं बोललो आहोत हे ताईंच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं.

घरी त्या दिवशी जेवताना ताई मास्तरांना म्हणाल्या, "अहो, जरा चष्मा सरकवा इकडे."

मास्तरांनी आपला चष्मा काढून पुढे केला.

"चष्मा नाही हो! चष्मा मागतेय मी!"

मास्तरांनी बिनचष्म्याच्या डोळ्यांनी ताईंचा हात कुठे दाखवतोय ते पाहिलं आणि मिठाची वाटी उचलली. "हे?"

"मग मघापासून काय सांगतेय मी!" ताई वैतागल्या. मीठ घेतलं, भाजीत कालवलं आणि जेवू लागल्या.

मास्तर जेवले नाहीत. थोड्या वेळानं ते म्हणाले, "उद्या दुकानात जायचं नाही. आपण दवाखान्यात जाणार आहोत. मी तुझ्या भावाला सांगतो, मुलीला मी फोन करतो. तू फक्त चल."

ताई घास हातात धरून नवऱ्याकडे बघत राहिल्या. आपल्याला काहीतरी झालंय याची पहिली खरी भीती त्यांना तेव्हा वाटली. हा माणूस इतकी वाक्यं एका दमात बोलतो म्हणजे प्रकरण साधं नाही.

सकाळी त्यांना उलटी झाली, अंगात कणकण होती, आणि घरातून निघताना उजवा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. त्या बाजूची चौकट त्यांना दिसलीच नव्हती. दवाखान्यात पोचेपर्यंत ताप चढला. हाताच्या शिरेत औषध सोडून डोक्याचा स्कॅन झाला आणि दुपारी ताई, मास्तर आणि भाऊ अशा तिघांना एका लहानशा खोलीत बोलावलं. मेंदूच्या सर्जन तिथे बसल्या होत्या, ठेंगण्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या, बोलताना पेनचं टोपण उघडबंद करणाऱ्या. समोरच्या पडद्यावर ताईंच्या डोक्याचा काप होता. डाव्या बाजूला, कानाच्या थोडं वर, एक काळा गोल आणि त्याच्याभोवती पांढरं स्वच्छ कडं.

"हा पू आहे," सर्जनबाईंनी काळ्या गोलावर पेन टेकवलं. "कानातल्या गाठीनं कानाचं छत कुरतडलं. हाड पातळ होत होत भोक पडलं आणि जंतू वर मेंदूत शिरले. शब्द जिथून निघतात, नेमके त्या भागाच्या शेजारी."

"आणि हे... हे..." ताईंना कडं म्हणायचं होतं. त्यांनी हवेत बोट फिरवून गोल काढला.

"ते तुमचं आहे. जंतूंचं नाही," सर्जनबाई म्हणाल्या. "ते तुमच्या पेशींनी बांधलंय."

भावानं खुर्ची पुढे ओढली. सर्जनबाईंना बहुधा पुढच्या पेशंटकडे जायचं होतं, पण ताईंचं बोट अजून हवेतच होतं. त्यांनी टोपण बंद केलं.

"मेंदूत काही पेशी कायमच्या मुक्कामाला असतात. आपण आईच्या पोटात असतो तेव्हापासून. फांद्या पसरून जागच्या जागी बसलेल्या, आजूबाजूला सतत चाचपत असतात, सगळं ठीक आहे ना बघत. जंतू शिरले ते आधी त्यांना कळलं. त्यांनी रसायनं सोडली. ती पोचताच जवळच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजू चिकट होतात. रक्तातून वाहत चाललेल्या पांढऱ्या पेशी तिथे अडकतात आणि भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात. त्या जंतूंना गिळतात. काही तर स्वतः फुटून आतले धागे बाहेर फेकतात, त्याच्या जाळ्यात जंतू गुंततात. या पेशींचं आयुष्य फार थोडं. पू म्हणजे बराचसा त्यांचाच ढीग. मग दुसऱ्या, मोठ्या पेशी येतात, त्या मेलेल्यांना उचलतात. आणि हे सगळं आवरेना, तेव्हा कडेनं चिवट धाग्यांची भिंत उभी राहते, म्हणजे जे आहे ते आतच राहावं."

"आणि ती झाली नसती तर?" भावानं विचारलं.

"तर हा पू पसरला असता आणि तुमची बहीण या खोलीत बसून बोटं फिरवत नसती."

ताई पडद्याकडे पाहत होत्या. आपण 'अर्धा किलो जिने' म्हणून बाजाराला हसवत होतो, डोकेदुखीला शिव्या घालत होतो, तेव्हा कवटीच्या आत हे चाललं होतं. कुणी आपल्याला विचारलं नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं.

"मग माझे..." त्यांनी तोंडावर हात ठेवून तो पुढे नेला. शब्द, असं त्यांना म्हणायचं होतं.

"ते जंतूंनी खाल्ले असं समजू नका. थोडी इजा आहेच. पण जास्त त्रास सुजेचा आहे. एवढ्या पेशी येतात, पाणी साठतं, आणि कवटीला तर ताणायला जागा नाही. म्हणजे दाब तुमच्याच माणसांच्या गर्दीचा आहे. सूज उतरली की बरंच परत येईल. सगळं येईल असं मी म्हणणार नाही."

सूज उतरवायचं औषध थोडे दिवस द्यावं लागेल, त्यानं त्या पेशींचाही जोर जरा कमी पडतो, असं त्यांनी ओघात सांगितलं. त्यावर भिंतीला टेकून उभे असलेले मास्तर बोलले.

"म्हणजे लढताहेत त्यांचेच हात धरायचे?"

"थोडेसे," सर्जनबाई म्हणाल्या. "मलाही ते आवडत नाही. पण दाब असाच वाढला तर तोच जीव घेईल. म्हणून शक्य तितकं कमी, शक्य तितकं लवकर बंद. सुईनं पू काढला की त्यांचं ओझं हलकं होईल, आणि जंतुनाशकं शिरेतून चालू राहतील. नुसती औषधं या भिंतीच्या आत नीट पोचत नाहीत, आणि नुसत्या त्यांच्या पेशींना हे संपवता येणार नाही. दोघांनी मिळून करायचं काम आहे."

मास्तरांनी मान हलवली. कापड बेतताना एक बाजू सैल सोडली की दुसरी ताणली जाते, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. त्यांनी पेन घेऊन सही केली.

कवटीला भोक पाडून पू काढला. ताई शुद्धीवर आल्या तेव्हा डोक्याला पट्टी होती आणि ते फाटेल असं दुखणं गेलं होतं. मग वॉर्डातलं आयुष्य सुरू झालं. खिडकीजवळची खाट, हातात सुई, ठरल्या वेळी लटकणाऱ्या औषधाच्या बाटल्या. नर्स येऊन घड्याळ दाखवायची, "हे काय?" ताई म्हणायच्या, "वेळेचं... ते बांधायचं." पेन दाखवलं की "लिहायचं." कंगव्याला एकदा 'दातवाला' म्हणाल्या आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला इतकं हसू आलं की तिचे टाके दुखले.

दिवसभर ताई हसायच्या, हसवायच्या. पण मुलीचा फोन आला की त्यांचा धीर सुटायचा. ती रजा मिळताच येणार होती. "आई, मी बोलतेय, ओळखलंस ना?" तिनं विचारलं.

ताईंनी ओळखलं होतं. तिच्या गुडघ्यावरची सायकलवरून पडल्याची खूण, ती पहिल्यांदा कोणाच्या कडेवरून उतरून चालली, तिला कुठला रंग चालत नाही, सगळं ओठांवर होतं. नाव नव्हतं. जे नाव त्यांनी स्वतः ठेवलं होतं, नणंदांशी वाद घालून ठेवलं होतं, ते नव्हतं.

"ओळखलं ग," त्या म्हणाल्या. "माझी आहेस तू. माझीच ना?"

पलीकडे मुलगी रडायला लागली. ताईंनी फोन मास्तरांकडे दिला. मास्तरांनी टाचण्या नसलेल्या तोंडानं मुलीची समजूत घातली. स्कॅनमध्ये काय दिसलं, जेवण कसं आहे, नर्स कशी प्रेमळ आहे, ते सगळं सांगितलं. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की लेकीशी आपण एवढं पहिल्यांदाच बोललो.

दुसरा स्कॅन झाला आणि सगळ्यांचे चेहरे पडले. पू पुन्हा साठला होता, पहिल्यापेक्षा कमी, पण होता. पुन्हा सुई घालायची ठरली.

"म्हणजे हरल्या त्या, माझ्या आतल्या?" ताईंनी सर्जनबाईंना विचारलं. त्यांची वाक्यं आता जोडली जाऊ लागली होती, फक्त मध्ये मध्ये नावांच्या जागा रिकाम्या.

"नाही. वेळ लागतो. नवीन येताहेत अजून." सर्जनबाई खाटेच्या कडेला टेकल्या, त्या दिवशी त्यांना जरा सवड असावी. "एक गंमत सांगू? आम्ही शिकलो तेव्हा पुस्तकात होतं की या पेशी लांबून, रक्तातून येतात. आता दिसतंय की काही कवटीच्या हाडातल्या मज्जेतूनही येतात. हाडात बारीक वाटा असतात, थेट मेंदूच्या आवरणापर्यंत. आम्ही इतकी वर्षं ती हाडं कापत होतो, आणि वाटा दिसल्या नव्हत्या."

"माझ्या कवटीतून?"

"तुमच्याही असणारच."

ताईंनी पट्टीवरून डोक्यावर हात फिरवला. इतकी वर्षं त्या हाडाला त्या नुसतं झाकण समजत होत्या.

दुसऱ्या वेळी पू काढल्यावर ताप दोन दिवस चढत राहिला. पूर्वी ताप आला की ताई चिडायच्या, अंगावर ओलं फडकं टाकून "उतर की रे बाबा" म्हणायच्या. आता त्या गप्प पडून राहायच्या. आत कोणीतरी कामावर आहे, असं त्यांना वाटायचं. त्यांना वाईट वाटायचं ते त्या पेशींच्या आयुष्याचं. येतात, जमेल तेवढं गिळतात, मरतात. आपल्या पाठीमागे काय झालं हे त्यांना कधी कळत नाही. एकीलाही नाव नाही. आणि आपण तर नावं येत नाहीत म्हणून रडतोय. असं मनात यायचं, आणि लगेच दुसरं यायचं, की सूज त्यांचीच, शब्द गेले ते त्यांच्याच गर्दीनं, मग आभार मानायचे की भांडायचं? यावर ताईंचं स्वतःशीच कधी एकमत झालं नाही. नर्सनं ताप मोजला की त्या विचार सोडून देत.

मास्तर रोज दुपारी दुकानावरून येताना खिशात एखादी वस्तू आणायचे. ही भावाची कल्पना. नावांचा सराव व्हावा म्हणून. घोटाळा असा की मास्तरांनाच निम्म्या वस्तूंची नावं येत नव्हती. ते एक पितळी तुकडा ताईंच्या हातावर ठेवायचे, ताई तो फिरवून म्हणायच्या, "हे पडदा अडकवायला, दोन स्क्रूंनी भिंतीत बसतं, ओलीत हिरवं पडतं."

"नाव काय?"

"तुम्ही सांगा."

"मला काय माहीत! मला सुई, दोरा, बटण एवढंच येतं."

"मग इतकी वर्षं मी घरी येऊन काय सांगत होते?"

"तू सांगत होतीस," मास्तर म्हणाले, "मी तुझा आवाज ऐकत होतो."

ताईंनी तो पितळी तुकडा मुठीत घट्ट धरला. मग डोळे पुसून म्हणाल्या, "लबाड आहात." हा शब्द कुठूनही न अडखळता आला.

तिसऱ्या स्कॅनला काळा गोल आक्रसला होता, कडं जाडजूड दिसत होतं. चौथ्याला दोन्ही लहान. शिरेतलं औषध थांबलं, गोळ्या सुरू झाल्या आणि ताई घरी आल्या. मुलगी आली होती. पायऱ्या चढताना तिनं हात धरला आणि ताईंनी तिला हाक मारली, नावानं, सहज, "सावकाश ग, मी काही काचेची नाही." मग नाव आलं हे लक्षात येऊन दोघी जिन्यातच बसल्या.

कानाचं ऑपरेशन नंतर झालं. आता ताईंनी 'बघू' म्हटलं नाही. गाठ काढली, कुरतडलेलं हाड साफ केलं. त्या कानानं पूर्वी जे थोडंफार ऐकू यायचं तेही गेलं. डॉक्टरांनी तशी कल्पना दिली होती, तरी पट्टी सुटल्यावर ताईंनी त्या बाजूला चुटकी वाजवून पाहिली आणि काहीच आलं नाही, तेव्हा त्या जरा वेळ भिंतीकडे तोंड करून पडल्या. मास्तर तेव्हापासून चालताना त्यांच्या उजव्या अंगाला असतात.

दुकानात त्या परत बसल्या, पण सकाळचाच वेळ. नावं आली, बरीचशी. घाईत विचारलं की अडतात. गिऱ्हाईक समोर तिष्ठत उभं राहिलं की वस्तू हातात येते आणि तोंड बंद. आधी त्यांना याची फार लाज वाटायची. एकदा एक जण घड्याळ बघत "ताई, लवकर" म्हणाला, तर भावानं शिडीवरूनच त्याला सुनावलं, "थांबायला जमत नसेल तर पुढे दुसरं दुकान आहे." ताईंनी भावाला गप्प केलं आणि त्या माणसाला म्हणाल्या, "माझ्या डोक्यात अंधार पडलेला एक माळा आहे. वर जाऊन शोधावं लागतं. तुम्ही तोवर माप नीट आठवा, ते तुम्ही चुकीचं सांगताय." माप खरंच चुकीचं होतं. माणूस थांबला. पूर्वीसारखी बडबड आता होत नाही, हे भावाला जाणवतं. गिऱ्हाईक बोलतं तेव्हा ताई ऐकतात. लोक त्यांना दारं-खिडक्यांखेरीज इतर गोष्टीही सांगायला लागले आहेत.

वर्षानं शेवटचा स्कॅन झाला. कड्याच्या जागी एक बारीक पांढरट रेघ उरली होती.

"गेल्या कुठे सगळ्या?" ताईंनी विचारलं.

"ज्या मेल्या त्या उचलल्या गेल्या," सर्जनबाई म्हणाल्या. "मुक्कामाच्या आहेत तिथेच. त्या आता पुन्हा चाचपत बसल्या असतील. हा व्रण राहणार. त्यामुळे आकडी येऊ शकते, म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत."

"नाही सोडत." ताई दारापाशी थांबल्या. "डॉक्टरबाई, त्यांना काही कळतं का हो? आपण कुणाला वाचवलं वगैरे?"

सर्जनबाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "मला नाही वाटत. पण मला बऱ्याच गोष्टी नाही वाटत, आणि नंतर पुस्तकं बदलतात."

त्यानंतर काही दिवसांनी ताई आणि मास्तर मुलीकडे निघाले, पहिल्यांदाच दोघंच. ताईंनी हट्टानं खिडकीवर जाऊन तिकिटं काढली. मास्तर मागे सामान घेऊन उभे होते. बस सुटली, शहर मागे पडलं, उसाची शेतं लागली, मग विटांच्या भट्ट्या. बऱ्याच वेळानं कंडक्टर आला. तिकिटं बघून म्हणाला, "तुमचं गाव आलं की. उतरा."

"आमचं नाही हो अजून," मास्तर म्हणाले.

कंडक्टरनं तिकीट पुढे धरलं. त्यावर भलत्याच गावाचं नाव होतं. दोन्ही नावांचं पहिलं अक्षर तेवढं एक.

मास्तरांनी ताईंकडे पाहिलं. ताईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मग मास्तरांनी वरून पिशवी उतरवली आणि म्हणाले, "चल ग. आलंय म्हणताहेत तर बघू तरी कसं आहे."

गाव लहानसंच होतं. स्टँडमागे एक तलाव होता आणि त्याच्या काठानं दगडी बाक. पुढची बस संध्याकाळी होती. मास्तरांनी मुलीला फोन करून सगळा घोटाळा सांगितला, आणि सांगताना त्यांनाच इतकं हसू फुटलं की पलीकडून तिला निम्मं कळलं नाही. मग ते ताईंच्या उजव्या बाजूला येऊन बसले. पाण्यात बदकांसारखे काहीतरी पक्षी पोहत होते.

"ते काय म्हणतात त्यांना?" मास्तरांनी विचारलं.

"मला कुठे येतंय," ताई म्हणाल्या.

"मलाही नाही येत."

मग मास्तर त्या पक्ष्यांबद्दल बोलायला लागले, मग तलावाच्या पाण्याबद्दल, मग त्यांच्या लहानपणी त्यांच्या वडिलांनी पोहायला शिकवताना कसं ढकलून दिलं होतं त्याबद्दल. हे ताईंनी कधी ऐकलेलं नव्हतं. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांच्यापुढे धरली आणि पाय बाकावर घेऊन, नीट मांडी घालून ऐकायला बसल्या.